गणपतीचा दात शोधताना

दादा कॅनडाला गेला तेव्हा त्याचा पीएस-४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, माझ्याकडे ठेवून गेला. दोन कंट्रोलर, पाच-सहा डिस्क, आणि जाताना म्हणाला नुसता ठेवू नको, खेळ. मी काही खेळले नाही. दीड वर्ष तो टीव्हीखालच्या कपाटात फडक्यात गुंडाळून पडला होता, कारण गेम म्हणजे बंदुका आणि आरडाओरडा एवढंच मला माहीत होतं आणि ऑफिसहून घरी आल्यावर अजून आरडाओरडा नको वाटायचा. मग गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती चिपळूणहून पुण्याला माझ्याकडे आली. सहा आठवडे जिने नाहीत, दिवसातून तीन वेळा व्यायाम, वॉकर घेऊन हॉल ते गॅलरी आणि परत. दिवस जायचा कसाबसा पण संध्याकाळ सरता सरायची नाही, सिरीयल तिला आवडत नाहीत, पेपर सकाळीच वाचून संपतो आणि मी समोर मोबाईल घेऊन बसलेली. एका शनिवारी व्हिडिओ कॉल चालू असताना दादा म्हणाला, अगं तो लॉस्ट लेगसी लाव ना, त्यात आपला सह्याद्री आहे, आणि गणपती आहे. आई एकदम मान वर करून म्हणाली, गणपती? गेममध्ये?

तिथून सुरू झालं सगळं.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'अनचार्टेड' ही नॉटी डॉग नावाच्या अमेरिकन कंपनीची गेमची मालिका, पहिला भाग २००७ मध्ये आला. मुख्य चार भागांत नेथन ड्रेक नावाचा हिरो आहे, जुने नकाशे, वह्या, कोडी यांच्यामागे धावत खजिना शोधणारा. प्रत्येक वेळी खजिना इतिहासातला खरा धागा पकडून रचलेला असतो. चौथ्या भागात, म्हणजे २०१६ च्या, हेन्री एव्हरी या चाच्याची लूट शोधतात, आणि ती लूट कुठली होती तर १६९५ मध्ये सुरतेकडे परत येणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज त्याने लुटलं होतं, ती. हे मला दादाने सांगितलं तेव्हा मी शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवत बसले, म्हणजे आपल्याच समुद्रातली गोष्ट आणि मला ती एका गेममुळे कळावी. 'द लॉस्ट लेगसी' त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये आला. आधी तो चौथ्या भागाला जोडायची छोटी गोष्ट म्हणून ठरला होता, बनवता बनवता वाढला आणि स्वतंत्र गेम झाला. यात नेथन नाही. यात आहे क्लोई फ्रेझर, वडील भारतीय, ऑस्ट्रेलियात वाढलेली, आणि तिच्याबरोबर नदीन रॉस, दक्षिण आफ्रिकेची, एकेकाळी भाडोत्री सैनिकांची कंपनी चालवणारी. दोघी मिळून शोधतायत काय, तर गणपतीचा तुटलेला दात. कर्नाटकातल्या जुन्या होयसळ राजांनी कुठेतरी पश्चिम घाटात लपवून ठेवलेला.

पहिले तीन दिवस फक्त कंट्रोलर शिकण्यात गेले. हे कुणी सांगत नाही पण आयुष्यात कधी न खेळलेल्या माणसाला सगळ्यात अवघड काय असेल तर डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने बघायचं. मी चालायचे तेव्हा आकाशाकडे बघायचे आणि बघायचे तेव्हा भिंतीला धडकायचे. आई म्हणाली, अगं आधी थांब, बघ, मग चाल, मला फिजिओवाली हेच सांगते. आणि खरंच तसंच केलं, थांबून बघितलं, मग चालले. तिसऱ्या दिवशी बोटांना आपोआप कळायला लागलं की उडी फुलीवर आहे, दोरी टाकायची डावीकडच्या वरच्या बटणावर. ते कळलं त्या क्षणी जे वाटतं ना ते सायकल पहिल्यांदा सुटी चालते तसं असतं, मधला कंट्रोलर नाहीसाच होतो.

गेमची सुरुवात बाजारात होते. युद्ध पेटलेलं शहर, गर्दी, दुकानं, मिनू नावाची एक छोटी मुलगी. क्लोई गर्दीतून वाट काढत चाललीये आणि तुम्ही तिला चालवताय, काही मारायचं नाही, काही जिंकायचं नाही, नुसतं चालायचं आणि बघायचं. पंधराएक मिनिटांनी मला कळलं की ह्याला लोक सिनेमासारखा गेम का म्हणतात. सिनेमात कॅमेरा ठरवतो तुम्ही काय बघायचं, इथे मी ठरवत होते, तरी प्रत्येक वेळी मी जिकडे बघेन तिकडे बघण्यासारखं काहीतरी असायचंच. यातल्या नटांनी नुसते आवाज दिलेले नाहीत, अंगावर सेन्सर लावून सगळा अभिनय करून घेतलाय, म्हणून क्लोई खोटं बोलताना डोळे जरा बाजूला वळवते ते दिसतं. क्लोईला क्लॉडिया ब्लॅकने आणि नदीनला लॉरा बेलीने उभं केलंय, खलनायक आसव आहे उस्मान अली. कामं तिघांचीही जबरदस्त आहेत पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, अर्धी भारतीय मुलगी आणि काळी आफ्रिकन बाई, दोघींनाही गोऱ्या नट्यांनी आवाज दिलाय आणि हे मला पटलं नाही. तसंच ते भारतातलं यादवी युद्ध, असं काही झालेलं नाही, सगळं रचलेलं आहे, आणि आपला देश म्हटल्यावर पहिलं चित्र जळतं शहर हे बघून मला टोचलं. आई पण म्हणाली हे कुठलं गाव दाखवलंय, असं काही आपल्याकडे नाही.

पण मग दोघी शहरातून बाहेर पडतात, चौथा चॅप्टर लागतो, त्याचं नावच 'वेस्टर्न घाट्स', आणि आमच्या हॉलमध्ये दोघीही गप्प झालो.

मी चिपळूणची. कुंभार्ली घाटातून जाताना पावसाळ्यात काय दिसतं ते मला लहानपणापासून माहितेय, ढग खाली आणि आपण वर, कड्यावरून पांढऱ्या रेघा सुटलेल्या, लाल माती, ओल्या दगडावरचं शेवाळ. ते सगळं टीव्हीवर होतं. हुबेहूब नाही, ते मी नंतर सांगते, पण हिरव्याचा जो रंग आहे ना, पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं की जो होतो तो, तो त्यांनी बरोबर पकडलाय. तिथे एक जीप मिळते. जीप घेऊन कुठेही जायचं. एका उंच बुरुजावर चढलात की क्लोई नकाशावर खुणा करते, तीन ठिकाणं, त्रिशूळ, धनुष्य आणि परशु, तीन जुने किल्ले आणि कुठे आधी जायचं ते तुम्ही ठरवायचं. शिवाय आडवाटेला अकरा होयसळ मुद्रा लपवलेल्या, त्या शोधायची कुठलीही सक्ती नाही, न शोधता पुढे जाता येतं. सगळ्या जमवल्या तर राणीचं माणिक मिळतं आणि ते हातात आल्यावर जवळपास खजिना असला की ते सांगतं.

तो एक चॅप्टर आम्ही जवळजवळ दोन आठवडे खेळलो.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला मी चार तासात उडवला होता. पण त्याला काय, त्याला पुढे काय होतं ते बघायचं होतं, आम्हाला तिथे राहायचं होतं. रोज सात वाजता आईचा शेवटचा व्यायाम झाला की गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवायची, मी जमिनीवर बसायची, आणि जीप सुरू. आई नकाशा सांभाळायची. म्हणजे अक्षरशः, तिने एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर नदी काढली, तीन किल्ले काढले आणि मुद्रा सापडली की तिथे टिकली लावायची, कपाळाची टिकली. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. धबधब्यामागे काहीतरी असणार असं ती सारखी म्हणायची आणि तिसऱ्या की चौथ्या धबधब्यामागे खरंच सापडलं, तेव्हा ती ज्या आवाजात हसली तो मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकला.

मला वाटतं ह्या गेमची खरी ओढ ह्याच्यात आहे. खजिना शोधायच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, अमक्या विहिरीत हंडा आहे, तमक्या किल्ल्याखाली भुयार आहे आणि ते थेट समुद्रापर्यंत जातं. कोकणात तर असं एक गाव सापडणार नाही जिथे भुयाराची गोष्ट नाही. पण ती भुयारं कधी कुणी उघडत नाही, आतून बुजलेली आहेत म्हणून सांगतात आणि विषय संपतो. इथे ते भुयार उघडतं. तुम्ही स्वतः दगड सरकवता, तुमच्याच मशालीच्या उजेडात भिंतीवर कोरलेलं दिसतं, आणि वर चढताना पायाखालचा दगड निखळतो तेव्हा हातातला कंट्रोलर थरथरतो आणि पोटात गोळा येतो. चढण्यात खरं कौशल्य फार लागत नाही हे मी मान्य करते, कुठे पकडायचं ते दगडाचा रंग बघून कळतं आणि क्लोई बरोबर तिकडे हात टाकते. दादाचे मित्र ह्याला नावं ठेवतात, म्हणे गेमच तुला खेळवतो. असेल. पण कड्याच्या टोकाला एका हाताने लटकून मागे वळून बघितलं की सगळं खोरं खाली पसरलेलं, दूरवर आपली जीप एवढीशी, आणि आपण तिथून इथवर आलो, मधे कुठेही काळा पडदा पडून थांबलो नाही, ही जी भावना आहे ती मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

आता गणपतीची गोष्ट. क्लोई नदीनला सांगते की परशुराम शंकराला भेटायला आला, गणपतीने दारात अडवलं, परशुरामाने परशु फेकला आणि तो परशु शंकरानेच दिलेला म्हणून गणपतीने वडिलांच्या शस्त्राचा मान राखून तो दातावर झेलला. आई सोफ्यावर सरळ होऊन बसली. बरोबर सांगितलं, म्हणाली, अगदी बरोबर सांगितलं. आणि मग तिने मला सांगायला सुरुवात केली, गेम पॉजवर, की दुसरी गोष्ट अशी आहे की व्यासांनी महाभारत सांगायला घेतलं आणि लेखणी मोडली तेव्हा गणपतीने स्वतःचा दात मोडून लिहिलं, आणि तिसरी चंद्राची. चिपळूणच्या माणसाला परशुराम म्हणजे घरचाच, वर महामार्गाला लागून डोंगरावर त्याचं देऊळ आहे, बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण केलं ही गोष्ट आम्ही बाराखडीच्या आधी ऐकलेली. तो परशुराम आणि हा परशु टीव्हीवर एका दरवाजाची किल्ली म्हणून समोर आला तर कसं वाटेल. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आणि त्याचा उपयोग पण झाला! पुढे पुढे कोडी अवघड होत जातात. एका किल्ल्यात चौथऱ्यांवरून उड्या मारत जायचं, तुम्ही एक उडी मारली की बाजूचे दगडी पुतळे पण एक घर सरकतात आणि हातातलं शस्त्र फिरवतात, चुकीच्या घरात असलात की संपलं. मी सात-आठ वेळा मेले. आई म्हणाली हा पट आहे, सोंगट्या आहेत, तू आपली चाल बघू नको, त्यांची चाल बघ. तिने डायरीत चौकोन काढले, आगपेटीच्या काड्या ठेवल्या आणि मला एकेक उडी सांगितली. दुसऱ्या प्रयत्नात पार. अजून पुढे एका ठिकाणी दिव्याच्या उजेडात मूर्तींचे तुकडे फिरवून भिंतीवर सावलीचं चित्र जुळवायचं आहे, तिथेही चित्र जुळायच्या आधीच तिला कळलेलं असायचं की इथे कोण उभं असायला हवं आणि हातात काय असायला हवं. सहाव्या चॅप्टरचं नाव 'द गेटकीपर' म्हणून पडद्यावर आलं, मी अर्थ सांगायच्या आत ती म्हणाली द्वारपाल, म्हणजे गणपतीच की. बाहेरच्या देशात बसून ज्यांनी हे बनवलं त्यांनी गोष्ट नीट वाचून, तिच्या आत शिरून कोडी रचली आहेत, नुसता हत्तीचा मुखवटा लावून मोकळे झालेले नाहीत, आणि म्हणून माझ्या आईला जी शाळेत मराठी शिकवायची आणि जिने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही तिला ती सोडवता आली.

मारामारीबद्दल पण सांगायला हवं. तो भाग मला शेवटपर्यंत आवडला नाही. आसवची माणसं सगळीकडे असतात आणि त्यांना टाळत गवतातून सरपटत जाता येतं, ते मला जमलं, पण एकाने बघितलं की सगळे गोळीबार सुरू करतात आणि मग आई कानावर हात ठेवायची. सुरुवातीला मी मधली लेव्हल ठेवली होती, आठवड्याभराने सगळ्यात सोपी केली, त्यात नेम आपोआप शत्रूवर धरून ठेवायची सोय पण आहे, ती चालू केली. लोक म्हणतात सोप्या लेव्हलवर खेळणं म्हणजे खेळणं नाही. मी हे मानत नाही. आम्ही बंदुकीसाठी आलोच नव्हतो. मधल्या मधे एवढी माणसं मारून दोघी परत हसत गप्पा मारतात ते मला प्रत्येक वेळी खटकायचं आणि ह्या मालिकेचं हे जुनं दुखणं आहे असं दादाही म्हणाला.

पण गप्पा! त्या गप्पांसाठी मी परत खेळेन. जीप चालवताना क्लोई आणि नदीन बोलत असतात, सुरुवातीला तुटक, कामापुरतं, नदीन तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. मग हळूहळू क्लोई वडिलांबद्दल बोलायला लागते. ते संशोधक, आयुष्यभर हाच दात शोधत राहिले, बायको-मुलीला दूर ऑस्ट्रेलियाला पाठवलं आणि स्वतः इथेच राहिले, पुढे लुटारूंच्या हातून गेले. ती त्यांच्यावर चिडलेली आहे आणि त्यांचंच काम पूर्ण करतेय, दोन्ही एकदम. हे एका ठिकाणी बसवून भाषण करून सांगितलेलं नाही, असं चढता चढता, पोहता पोहता तुकड्या-तुकड्याने येतं, आणि तुम्ही जीप थांबवून उतरलात तर त्या बोलणं थांबवतात आणि परत बसलात की तर काय म्हणत होते मी असं करून धागा पकडतात. मधे एक मोठं भांडण होतं, क्लोईने एक गोष्ट लपवलेली असते ती उघडी पडते. ती काय ते सांगत नाही, कुणी खेळणार असेल तर मजा जाईल. भांडणानंतर दोघींना एका खांबाला बेड्या घालून ठेवतात आणि पाणी वर चढत जातं. मी ते खेळत असताना आई वॉकर न घेता उठून उभी राहिली. मी ओरडले, आई बस, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच्यानंतर हत्ती येतो. पडक्या बांधकामाखाली अडकलेला एक हत्ती, दोघी त्याला सोडवतात आणि मग त्याच्या पाठीवर बसून जातात. काही मिनिटांचाच प्रसंग आहे. कुणी पाठलाग करत नाही, काही पडत नाही, कोसळत नाही, नुसता हत्ती पावलं टाकतोय आणि त्या दोघी, ज्या थोड्या वेळापूर्वी एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या, त्या पाठीवर बसल्यायत आणि नदीन, जी पूर्ण गेमभर कपाळाला आठ्या घालून असते, ती हळूच हसते. मी कंट्रोलरची कांडी फक्त पुढे धरून ठेवली होती, दुसरं काही करायचंच नव्हतं. गणपतीचा दात शोधायला निघालेल्यांना हत्तीने उचलून न्यावं, एवढं साधं आहे ते.

ह्या सगळ्यात होयसळ कोण ते मला धड माहीत नव्हतं, हे पण खरं. आमच्या डोक्यात दक्षिण म्हणजे विजयनगर आणि तंजावर. मग मी रात्री वाचायला लागले. हळेबीड म्हणजे त्यांची राजधानी, तेव्हाचं नाव दोरसमुद्र. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, विष्णुवर्धन राजाच्या काळातलं. देवगिरीच्या यादवांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, आणि १३११ मध्ये खिलजीचा सेनापती मलिक काफूर दोरसमुद्रावर चालून गेला तेव्हा त्याला वाटेत देवगिरीहून मदत मिळाली हे वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यात जास्त आनंद मला दुसऱ्याच एका गोष्टीने झाला, पंढरपूरला १२३७ चा एक शिलालेख आहे त्यात होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाच्या नैवेद्याच्या खर्चासाठी गाव दान दिल्याचं लिहिलंय. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली विठोबाला आपण कानडा म्हणतोच की, उगाच नाही म्हणत. त्या रात्रीनंतर गेममधले ते राजे तिच्यासाठी परके राहिले नाहीत, 'पंढरपूरला नैवेद्य देणारे' झाले.

शेवट ट्रेनवर आहे आणि तो एका दमात खेळावा लागतो, मधे थांबावंसं वाटतच नाही. गाडीच्या टपावरून धावायचं, बोगदा आला की खाली, बाजूने जीपा, पूल जवळ येतोय. मला दीड तास लागला, तळहाताला घाम येऊन कंट्रोलर सटकत होता, मी दर दहा मिनिटांनी ओढणीला हात पुसत होते. संपलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते आणि पडद्यावर नावांची यादी सुरू झाली, आईने ती सगळी बसून बघितली, म्हणाली एवढ्या माणसांनी काम केलंय, नावं तरी बघूया. तीन दिवसांनी तिचे टाके-बिके सगळं बघून डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली.

जानेवारीत आम्ही हळेबीडला गेलो. ठरवून असं नाही, तिनेच काढलं, म्हणाली मला ते खरं बघायचंय. पुण्याहून गाडीने कोल्हापूर, हुबळी, मधे एक मुक्काम. आणि आता ते हुबेहूब नाही असं मघाशी म्हणाले ते सांगते. हळेबीडला धबधबे नाहीत. कड्यात कोरलेले डोंगराएवढे गणपती नाहीत, खोल दऱ्या नाहीत. सपाट मोकळी जमीन, शेतं, एक जुना तलाव आणि त्याच्याजवळ होयसळेश्वराचं देऊळ, बैठं, शिखर नसलेलं. गेमवाल्यांनी घाटातला पाऊस आणि हळेबीडचं कोरीवकाम एकत्र करून तिसरंच राज्य बांधलंय. हे मुद्दाम सांगते कारण लहान मुलं खेळून हेच खरं धरतील, आणि खरं जे आहे ते जराही कमी नाही. देऊळ चांदणीसारखं कोनाकोनांचं आहे, भिंत सारखी आत-बाहेर वळते, त्यामुळे दोन पावलं टाकली की नवीन कोपरा. सगळ्यात खालच्या थरात हत्तींची रांग आहे, पूर्ण देवळाभोवती, एकामागे एक. त्याच्या वर सिंह, वेलबुट्टी, घोडेस्वार, वर रामायण-महाभारत. मऊ दगड, कोरायला सोपा आणि मग हवेने घट्ट होत जाणारा, त्यामुळे गळ्यातल्या हाराचा एकेक मणी सुटा दिसतो. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर जागतिक वारसा यादीत गेली.

आई एका हाताने माझा दंड धरून हत्तींच्या रांगेबरोबर चालत राहिली. पाय गार पडलेले, चपला बाहेर, सकाळची वेळ. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची, वाकून बघायची. आवारातल्या मोठ्या गणपतीपुढे ती बराच वेळ उभी होती आणि मग मला हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि दात दाखवला. काही बोलली नाही. मी फोटो काढला आणि दादाला पाठवला, त्याच्याकडे रात्र होती तरी लगेच उत्तर आलं, सापडला?

परत आल्यावर ती चिपळूणला गेली, आता आमच्या घराच्या माडीवर एकटी चढते. मी चौथा भाग सुरू केलाय, तोच औरंगजेबाच्या जहाजाच्या लुटीचा, नेथन ड्रेकवाला, रोज नाही जमत पण शनिवार-रविवार खेळते. डायरीचं नवीन पान उघडलंय, टिकल्यांचं पाकीट तीच ठेवून गेलीये. परवा रात्री नऊला तिचा फोन आला, जेवलीस का वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, मादागास्करला पोचलीस का गं, आणि पोचली असशील तर थांब, शनिवारी व्हिडिओ कॉल लाव, मी बघितल्याशिवाय त्या बुरुजावर चढू नको.